बांधलेला गुडघा

रविवार, ९ नोव्हेंबर

मोनिकाचा गुडघा सुजलाय. उजवा. सकाळी मैदानावरून आली ती भिंत धरत धरत. विचारलं तर म्हणते, "काही न्हाय आबा, वळला जरा." वळला! नारळाएवढा झालाय.

पुढच्या रविवारी धाराशिवला जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. नात सोळा वर्षांची. दोन वर्षं या एका दिवसासाठी पहाटे उठतीय.

मला येतं ते मी केलं. चाळीस वर्षं मेंढरं राखली, किती कोकरांचे पाय बांधले त्याची गणती नाही. आंबेहळदीचा लेप लावला, वर एरंडाचं पान, त्यावर जुन्या पटक्याची पट्टी, आवळून. वरून मोजा चढवला की काही दिसत नाही.

मग ती म्हणाली, "आबा, सरांना सांगायचं न्हाय. भंडारा उचला."

उचलला. बिरोबाचा भंडारा मुठीत घेऊन बोललो, सांगणार नाही. 

सोमवार, १० नोव्हेंबर

सर म्हणजे पावेल. आमच्याच माडीवर भाड्यानं राहतो. झेक म्हणून एक देश आहे, तिकडचा. तिथं पगारावर फुटबॉल खेळायचा म्हणे. आता एका संस्थेनं त्याला नळदुर्गात पोरींना शिकवायला आणलाय. दोन वर्षांत मराठी तोडकंमोडकं बोलायला लागला. आला त्या दिवशी आमची कारभारीण बानूबाई म्हणाली होती, "देव पावेल, देव पावेल म्हणत जलम गेला — आन् ह्यो बघा, बॅगा घेऊन जिन्यात हुबा!"

रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसून भाकरी खातो. आज माझी मान वर होईना. त्यानं विचारलं, "आबा, पोट?"

म्हणालो, पोटच.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सूज तशीच. कोकराची चौथ्या दिवशी उतरते. माणसाला दोनच पाय, म्हणून वेळ लागत असेल.

पोरगी त्याच पायावर पळतीय. रोज.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

विचारायला नको होतं. पावेल जिना उतरताना एक पाय ओढतो, हे दोन वर्षं बघतोय. आज तोंडातून निघून गेलं — पायाला काय झालं होतं?

त्यानं भाकरी खाली ठेवली. मराठी कमी पडली तिथं हातानं दाखवलं. सहा वर्षांचा असताना गावातल्या मैदानावर सुरुवात. एकोणिसाव्या वर्षी पगार. मग मोठ्या संघात, पेपरात फोटो. चोवीसचा असताना परदेशातला एक संघ त्याला बघायला येणार होता. आणि गुडघा दुखत होता. डॉक्टरनं बघितलं असतं तर खेळू दिलं नसतं.

"मग?"

"वडिलांनी बांधला. गाडीत. म्हणाले, कुणाला दिसणार नाही."



अर्धा तास खेळला. मग आवाज आला म्हणे, वाळलेली काटकी मोडावी तसा. दोन ऑपरेशनं झाली. खेळ संपला. चार वर्षं पावाची गाडी चालवली. त्यानंतर गावातच आठ-आठ वर्षांच्या पोरांना शिकवायला लागला. म्हणाला, "लहान मुलं चांगली. कुठं दुखतं विचारलं, की सांगतात."

वडील आहेत का? — आहेत. गवंडी होते, आता म्हातारे. बोलतात का? तर त्यानं हातानंच नाही केलं. बारा वर्षं झाली. म्हणजे एक तप!

पलीकडं मोनिका भांडी घासत होती. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. तिचा पाय लांब सोडलेला. मोजा वर ओढलेला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सांगितलं.

उजाडताच माडी चढलो. भंडाऱ्याची शपथ मोडली. आमच्या घराण्यात आजवर कुणी मोडली नव्हती. बिरोबा, काय करायचं ते माझं कर. पोरीला हात लावू नको.

पावेल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं! खाली आला, मोनिकासमोर जमिनीवर बसला, पट्टी हळूहळू सोडली. बराच वेळ पट्टीकडंच बघत होता. "उद्या नाही," एवढंच बोलला.

मोनिका त्याच्याकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

रविवार, १६ नोव्हेंबर

तिच्या जागी गल्लीतल्या गफारची उम्मेहानी खेळली. तिची निवड झाली. पोर गुणाची आहे, तिचा राग नाही. पण वाजतगाजत गाडी आमच्याच दारावरून गेली.

मोनिका भिंतीकडं तोंड करून झोपलेली. बानूबाई म्हणते, "बांदायला बी तुमीच, सांगायला बी तुमीच! दोन्हीतलं एक तरी नसतं केलं!"



मंगळवार, १८ नोव्हेंबर

सोलापूरला गुडघ्याचा फोटो काढला, तो मोठ्या मशीनमधला. पावेल बरोबर आला. आतली दोरी अर्धी तुटलीय. डॉक्टर म्हणाले, आणखी एक सामना खेळली असती तर पूर्ण गेली असती. आता सहा महिने मैदान नाही, मग व्यायाम, मग बघू. मला वाटलं, आता तरी पोरगी माझ्याकडं बघेल.

डॉक्टरांनी विचारलं, "हे आवळून कुणी बांधलं होतं?" मी म्हणालो, मी. 

परत येताना मोनिका पुढं बसली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मीठ माझ्यासमोर होतं. तिनं आजीकडं मागितलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

पावेल म्हणाला, "आबा, वेळ लागतो." विचारलं, किती? तो जिना चढून गेला. नंतर बराच वेळ वर त्याच्या चालण्याचा आवाज येत होता.

रविवार, ३० नोव्हेंबर

दुपारी पावेल फोन हातात घेऊन खाली आला. फोनमध्ये एक म्हातारा. पांढऱ्या भुवया, डोळे लाल. म्हणाला, "माझे वडील."

बारा वर्षांनी! मला रामराम करता येईना, हातच जोडले. म्हाताऱ्यानंही जोडले, तिरके. मग काहीतरी विचारलं. पावेल म्हणाला, "विचारतात, नात बोलते का?"

"अजून नाही म्हणावं."

म्हातारा मान हलवत राहिला, मग थोडं बोलला. पावेलला सांगायला वेळ लागला. "म्हणतात, मला बारा वर्षं लागली. थांबा."

मी म्हणालो, त्यांना सांग, मी चौऱ्याहत्तरचा आहे. माझ्याकडं तेवढी नाहीत.

पावेल सांगणार, एवढ्यात आतून आवाज आला —

"आबा, फोन इकडं द्या. मला त्यांच्याशी बोलायचंय."