आई काय म्हणाली

प्रिय धाकट्या,

फोनवर तू कायम घाईत, आणि मीही मग 'सगळं ठीक' म्हणून मोकळी होते. म्हणून लिहायला बसलेय. आईबद्दल सांगायचंय. पण थेट तिथे यायला धीर होत नाही, तेव्हा आधी माझ्या नोकरीचं ऐक. आणि मधलं सोडून खाली उडी मारू नकोस, तुझी खोड मला चांगली ठाऊक आहे.

तर तुझी ताई आता दुभाषी झाली! मोठ्या हॉस्पिटलात, गळ्यात ओळखपत्र वगैरे घालून. ऐकू न येणाऱ्या माणसांच्या खुणा डॉक्टरांना बोलून सांगायच्या आणि डॉक्टरांचं बोलणं त्यांना हातांनी सांगायचं. म्हणजे आपण दोघं लहानपणी आईसाठी दुकानदारापासून शाळेच्या बाईंपर्यंत सगळीकडे करायचो तेच की! आईला सांगितलं तर पोट धरून हसली. हिला बडबडीचा पगार देणारं कोण वेडं भेटलं, म्हणे.

पहिला आठवडा म्हणजे नुसती तारांबळ. सोमवारी आल्या आल्या मला बाळंतपणाच्या खोलीत उभी केली. डॉक्टरीणबाई ओरडतायत, आता जोर लाव, आणि मी ते सांगायला हात वर करते न करते तोच त्या मुलीला कळ आली आणि तिने माझेच दोन्ही हात गच्च धरले. झालं, दुभाषी मुकी! मग भुवया उडवल्या, गाल फुगवले, मान हलवली, कसंबसं पोचवलं एकदाचं. बाळ आलं तसं तिने विचारलं, रडतंय का? नुसतं रडत नाहीये, भोकाड पसरलंय, असं मी सांगितलं तेव्हाचा तिचा चेहरा तू बघायला हवा होतास. घरी येताना मी रस्त्याने एकटीच हसत होते. इतकं समाधान मला कुठल्याच कामात मिळालं नव्हतं रे.

दुसऱ्या दिवशी जमिनीवर आले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासायला दिवा घालवला आणि अंधारातच प्रश्न विचारायला लागले. आता अंधारात मी हातांनी काय सांगणार, कपाळ? ते निस्तरतेय तोवर एक आजोबा ताटकळून भडकले. मी डॉक्टरांना गोड आवाजात म्हटलं, ते म्हणतायत की त्यांना जरा उशीर होतोय. आमच्या हेडबाई मागेच उभ्या. बाहेर नेऊन मला असं झापलं म्हणतोस! दुभाष्याने 'ते म्हणतात' म्हणायचंच नाही. माणूस 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं, आणि शिवी दिली तर शिवीसुद्धा. पदरचं घालायचं नाही आणि त्याचं गाळायचं नाही. मला मनातून हसू आलं, कारण आपण कधी असं केलंय का? आपलं आयुष्य 'आई म्हणतेय की' करण्यात गेलं.

गुरुवारी आमच्याच हॉस्पिटलात आईची तारीख होती. तिच्या हातातून कप सुटतात, बटणं लागत नाहीत, हे तुला बोलले होते. आपल्याच माणसाचं काम दुभाष्याने घ्यायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे हेडबाई आल्या आणि मी नुसती मुलगी म्हणून शेजारी बसले. डॉक्टर भला माणूस, त्याने आडपडदा ठेवला नाही. नसांचा आजार आहे. औषधाने थांबत नाही. आधी हात जाणार, काही महिन्यांत बोटं हलायची बंद होतील, मग बाकीचं. हेडबाईंनी सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. अरे, तिला हातांनीच सांगायचं की तुझे हात जाणार! आईने आपले तळवे उलटेसुलटे करून बघितले आणि काहीतरी विचारलं. हेडबाईंच्या घोगऱ्या आवाजात ते मला ऐकू आलं, 'मग मी भांडू कशी?' डॉक्टर हसला आणि लगेच कागदांत बघायला लागला. मी तोंडात पदर कोंबून रडले. आईने मला डोळ्यांनीच दटावलं.

पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. आणि ते तुला पोचवायचं म्हणून हे सगळं लिहितेय. तू इतका कमी का येतोस, यावरून मी मनात तुझ्याशी किती भांडलेय! ती डॉक्टरांना म्हणाली ते असं, आणि मी ते 'मी' म्हणूनच लिहिते. मला एक मुलगा आहे. लांब राहतो. घरी आला की माझ्यापुढे फोनवर लिहून धरतो. मला वाचायला वेळ लागतो, तोवर त्याची निघायची वेळ होते. त्याला वाईट कोणी म्हणू नका. तो माझी भाषा विसरलाय आणि माझ्यासमोर चुकायची त्याला लाज वाटते, म्हणून येत नाही. मी आई आहे, मला कळतं. त्याला सांगा, चुकलास तरी मला चालेल. मी हळूहळू बोलेन. पण माझे हात आहेत तोवर ये.

हे तिचे शब्द. आता माझे. सुट्टी मिळो न मिळो, या आठवड्यात नीघ. तुझ्या हनुवटीवरच्या खळीमुळे आईने तुझं नाव ठेवलं होतं, हनुवटीला बोट लावलं की तू. काल जेवताना तिने तुझं नाव घ्यायला हात उचलला, आणि तो हनुवटीपर्यंत पोचला नाही.

तुझीच,
ताई