दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर

पेनसिल्व्हेनिया
१४ ऑक्टोबर १९९७

प्रिय लिओटा,

तू बरी असशील, ओरेगॉनचा पाऊस तुझ्या गुडघ्यांना फार छळत नसेल आणि तुझ्या मुलाचं, डेलचं सुतारकाम नीट चाललं असेल, असं धरून चालते. मी ठीक आहे.

आधी एक तक्रार नोंदवते. आपल्या चर्चच्या मंडळीच्या प्रीतिभोजनात, एकमेकांचे पाय धुऊन झाल्यावरच्या त्या जेवणात, या वर्षी रस्सा विकतच्या डब्यातला होता. आपले पूर्वज जर्मनीत छळ सोसून, समुद्र ओलांडून इथे आले, ते काय डब्यातल्या रश्श्यात पाव बुडवायला? स्वयंपाक समितीने सहा विरुद्ध पाच मतांनी ठराव केला. मी साप्ताहिकातल्या माझ्या सदरात त्यांची सालटी काढणार होते. गावाला हसवायचं काम गेली वीस वर्षं माझ्याकडेच आहे. पण लिहायला बसले आणि गाडी भलतीकडेच वळली. ते सदरात छापण्यासारखं नाही, म्हणून तुला लिहितेय.

प्रीतिभोजनाआधी चर्चचे सेवक, डीकन, घरोघर येऊन तीन प्रश्न विचारतात, ते तू विसरली नसशील. विश्वासात आहात ना? सगळ्यांशी सलोखा आहे ना? पुढेही झटत राहाल ना? बाकीच्या मंडळ्यांनी ही भेट केव्हाच बंद केली. आपल्याकडे बंधू स्नेव्हली अजून येतात. वय अठ्ठ्याऐंशी, हातात काठी.

त्यांच्या गाडीचा एक मजेदार किस्सा इथे दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. खाडाखोड दिसत असेलच.

दर वर्षी मी तीनदा 'हो' म्हणून, कॉफी पाजून त्यांना वाटेला लावते. या वर्षी, आई गेल्यानंतरच्या या पहिल्याच भेटीत, दुसऱ्या प्रश्नाला माझी जीभ वळेना. त्यांनी पुन्हा विचारलं, "सगळ्यांशी सलोखा आहे ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बरं झालं, पोरी. तेवीस वर्षं तुझं 'हो' ऐकून कान किटले होते माझे."

त्यांना माहीत होतं, लिओटा. आता तुलाही सांगते.

चौऱ्याहत्तर साली ते आले तेव्हा तू कारखान्यात कामावर होतीस. मी सतरा वर्षांची. लग्नाआधीच तुला दिवस गेलेत हे तू मला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतंस, आणि आईने तुझ्या उलट्यांवरून ओळखलं होतं. आई ओट्याशी ॲपल पायची पारी लाटत होती. बंधू स्नेव्हलींनी मला विचारलं, "घरात सगळं शांत आहे ना?" मी म्हटलं, "सध्या आहे. वसंतात पाळणा हलायला लागला की बघू."

त्या गंभीर माणसाने एकदा हसावं, एवढंच मला हवं होतं. ते हसले नाहीत. आईचं लाटणं थांबलं. पुढच्या रविवारी पापाची कबुली द्यायला तू मंडळीसमोर एकटी उभी होतीस.

घर सोडून निघालीस तेव्हा बसथांब्यावर तू मला विचारलंस, "आईनेच सांगितलं ना?" मी बुटांकडे बघत राहिले. तू त्याचा अर्थ 'हो' असा घेतलास आणि मी तो घेऊ दिला. थट्टा निमिषात संपली होती. बुटांकडे बघणं अजून चालू आहे. दर नाताळला तुझं कार्ड येतं, त्यात लिहिलेलं असतं, 'त्या घरात तू एकटीच माझी होतीस.' ते मी एकदाच वाचते आणि पालथं ठेवते.

आईने तुझ्यापाशी स्वतःची बाजू कधीच मांडली नाही. का, म्हणून एकदा मी विचारलं. बटाटे सोलता सोलता ती म्हणाली, "माझ्याशी तिने तोडलंच आहे. तुझ्याशीही तोडलं तर तिची विचारपूस करायला कोण उरेल?" फेब्रुवारीत तिला पुरलं तेव्हा तू आली नाहीस. त्याला कारण मीच.

मी बंधू स्नेव्हलींना म्हटलं, "सलोखा नसेल त्याने प्रीतिभोजनाला येऊ नये, हा तुमचाच नियम. मी येत नाही."

"नियम माझाच," ते म्हणाले, "आणि पोरीच्या तोंडची थट्टा पुरावा म्हणून चर्चच्या वडीलमंडळींकडे नेणाराही मीच. त्या दिवशी हसलो असतो तर काय बिघडलं असतं?"

"मग तुम्ही कसे येता दर वर्षी?"

"पाय मळलेत म्हणून. ज्यांचे स्वच्छ आहेत त्यांनी खुशाल घरी बसावं. तू ये. आणि मग लिही तिला."

मी गेले. येशूने शिष्यांचे धुतले तसे बायकांच्या रांगेत माझे पाय धुण्याची पाळी आली विल्मा एबरसोलवर. तिच्या लठ्ठपणावर मी सदरात दोनदा लिहिलं आहे. ती कमरेला टॉवेल बांधून, बाकाला धरून कशीबशी गुडघ्यांवर बसली.

"पाणी गार नाही ना?"

"विल्मा, मी फार वाईट वागलेय."

"माहितीये. साप्ताहिक घेते मी."

मग तिने एकेक बोट वेगळं करून माझे पाय पुसले, उठली, माझ्या गालाचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, "देव तुझं भलं करो." मी सगळ्यांदेखत रडले. माझं बोलणं ऐकून, मी काय केलंय ते पुरतं ठाऊक असूनही, ख्रिस्ताने माझे पाय हातात घेतले होते. असं वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. पण ते खरं आहे, आणि मला दुसरं सुचत नाही.

तुझ्याआधी मला क्षमा मिळाली, याचीही लाज वाटते. देवाने केली म्हणून तूही करावीस, असं मी म्हणत नाही. तू मला सोडलंस तर तेही बरोबरच. फक्त आईला त्या आरोपातून सोडव.

सोबत आईची सात पत्रं आहेत, तू न उघडता परत पाठवलेली. मीही उघडलेली नाहीत. ती तुझी आहेत, तुझ्याकडेच असायला हवीत. पुन्हा परत करावीशी वाटली तर पाकिटावर पाठवणारीचं नाव बघ. या वेळी ते माझं आहे.

जिने सांगितलं ती,
तुझी धाकटी बहीण
आर्लीन