चाळीस मिनिटांचा दिवा

३ मार्च, सोमवार
१. पालकाच्या पानांतला हिरवा रंग आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण लावलेला प्रकाशाचा सेन्सर दिव्याखाली ठेवला.
२. पहिली नोंद: साध्या सेन्सरच्या अकरा पट करंट.
३. चहाला गेले. दिवा चालूच राहिला.
४. चाळीस मिनिटांनी: दीड पट.
५. हिरवा रंग उडालेला. काच फिकट पिवळी.

विसरले मीच. कुणाच्या माथी मारायची सोय नाही!

४ मार्च
आजवर नोंद झाली की आम्ही दिवा लगेच बंद करायचो — रंग जपायला. म्हणजे आमच्या सगळ्या नोंदी पहिल्या मिनिटाच्या. आणि मागच्या आठवड्यात संशोधन-पत्रिकेला पाठवलेल्या लेखात मीच लिहिलंय, 'करंट स्थिर राहतो.' पहिलं नाव माझं, दुसरं माझ्या मार्गदर्शक सरांचं.

५ मार्च
मुद्दाम दिवा चालू ठेवून तीनदा करून पाहिलं. नुसता पालक हळूहळू फिका पडतो. सोबत चांदी असली की झपाट्याने. जे कण प्रकाश ओढून आणतात, तेच रंगाच्या मुळावर उठतात. छान!

आम्हाला काचा कापून देणारे काका डोकावले. "काय गं, तुझी भाजी करपली वाटतं?"
हो, म्हटलं.
"मग वाढू नकोस कुणाला!" हसत गेले.

६ मार्च
सरांना आलेख दाखवले. बराच वेळ चष्मा पुसत होते.
"पहिलं मिनिट खोटं आहे का?"
नाही, सर.
"मग झालं तर! बाकीची मिनिटं पुढच्या लेखात. नोकरीच्या मुलाखतीला हाच लेख नेणार आहेस ना?"
नेणार आहे. पंधरा दिवसांनी.

७ मार्च
ताईचा फोन. सगळं सांगून टाकलं — एरवी सांगत नाही.
"एवढा पालक खाल्ला असतास तर अंगात रक्त तरी वाढलं असतं!" मग म्हणाली, "तुझं ठरलंय. मला कशाला विचारतेस?"
विचारलं नव्हतंच.

८ मार्च
केस धुतले. कपाट आवरलं. बाकी काही नाही.

१० मार्च
सकाळी सरांना पाठवलं. शब्दशः:
"सर, लेखातलं 'करंट स्थिर राहतो' हे वाक्य चुकीचं आहे. दुरुस्तीपत्र तिन्ही आलेखांसह सोबत जोडलं आहे. आपण सही करणार की नाही, ते कृपया गुरुवारपर्यंत कळवावे. शुक्रवारी सकाळी पत्र संपादकांकडे जाईल — दोन सह्यांनी, नाहीतर एकाच सहीने."