आकड्याखालची रेघ

बाबा,

तुमचा कॅप्टन गेले चार आठवडे माझ्या टेबलावर आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते नकाशाच्या कोपऱ्यात वळणदार अक्षरांत छापलेलं आहेच, त्याला माझ्या कागदाची गरज नाही. तुम्ही नुसतं ‘कॅप्टन’ म्हणायचात आणि वेंगुर्ल्याच्या बंदरावर सगळ्यांना कळायचं की शंभरावर वर्षांपूर्वी मेलेल्या त्या इंग्रज आरमारी नकाशेवाल्याबद्दल बोलणं चाललंय. आपला किनारा मोजून झाल्यावर तो इकडच्या आखातातही आला होता हे मी वाचलं होतं, पण त्याने काढलेला इकडचा नकाशा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. आज शुक्रवार, इथली सुट्टी. तुम्ही न पाहिलेली तुमची सून मुलीला घेऊन बाजारात गेली आहे, दोह्याच्या मन्सूरा भागातल्या या घरात एसीच्या घरघरीशिवाय आवाज नाही. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली.

मी दोह्यात समुद्राच्या तळाचे नकाशे काढतो. पदवी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं ते सुटलंच. ड्रॉइंग, कॉम्प्युटर, भरती-ओहोटीचं गणित, सगळं रात्री जागून, जुनी पुस्तकं विकत घेऊन शिकलो. आता ऑफिसात पदवीवाले बरेच आहेत आणि अडलं की माझ्या टेबलाशी येतात. ही फुशारकी आहे, असू दे. तर आमच्या एका गिऱ्हाईकाने बंदराजवळ नवी इमारत बांधली आहे आणि तिच्या प्रवेशाच्या दालनात त्यांना कॅप्टनचा जुना नकाशा भिंतभर लावायचा आहे, शेजारी माहितीचा फलक. आमचा मॅनेजर इंग्रज, सज्जन माणूस. त्याने मला बोलावून सांगितलं की जुने आकडे आपल्या नव्या सर्व्हेवर ठेवून बघ, कितपत चुकलाय ते कळू दे, फलकावर चार ओळी घालू.

गिऱ्हाईकाने पाठवलेला नकाशाचा स्कॅन मी आधी स्वच्छ केला. घड्या, डाग, कसरीची भोकं, सगळं स्क्रीनवर एकेक करून पुसलं. घाणेरडा नकाशा माझ्या हाताखालून पुढे जात नाही. मग तो आमच्या सर्व्हेवर ठेवला. आमची बोट तळाकडे आवाज सोडते आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढते, एका मिनिटात हजारो जागांची. कॅप्टनकडे काय होतं? शिडाचं जहाज, शिसं बांधलेली दोरी, आणि दिशा धरायला किनाऱ्यावरची खूण. इथे तर खुणासुद्धा धड नाहीत, बाबा, किनारा तव्यासारखा सपाट आहे. पहिला आकडा जुळला. दुसरा जुळला. सातव्या-आठव्याला मी उठून पाणी पिऊन आलो. त्याचे साडेचार वाव, म्हणजे सत्तावीस फूट, आमच्या बोटीचेही साडेचार. फरक पडला तिथे फूट-दीड फूट, त्याहून जास्त फक्त मधल्या काळात गाळ उपसलेल्या जागी. ऑगस्टमध्ये इथे दुपारी गाडीच्या दाराला हात लावता येत नाही. त्या उन्हात पितळी यंत्र डोळ्याला लावून त्याने या किनाऱ्याचा एकेक कोन घेतला होता. आणि प्रत्येक आकड्याशेजारी बारीक अक्षर: वाळू, चिखल, शिंपले, पोवळं. म्हणजे दर खेपेला कुणीतरी शिसं वर ओढून त्याच्या बुडाला काय चिकटलंय ते पाहिलं होतं. मला हात जोडावेसे वाटले. ऑफिसात होतो म्हणून जोडले नाहीत.

शिशाच्या बुडाला खळगा असतो आणि त्यात साबण नाहीतर चरबी भरतात, तळाची वाळू तिला चिकटून वर येते, हे मला पुस्तकाने सांगितलेलं नाही. मला ते स्वयंपाकघरात कळलं. आई न्हाणीतली साबणाची वडी शोधतेय आणि ती तुमच्या डब्यात निघते. चुलीशेजारी हंड्यात तुमची नवी दोरी भिजत पडलेली आहे, मिठाच्या पाण्यात, दुसरा दिवस. कोरडी दोरी समुद्रात गेली की आखडते आणि मग माप खोटं पडतं, म्हणून आधी भिजवायची, ताणायची, खुणा मग बांधायच्या. आई म्हणते, त्यापेक्षा तुम्हीच बसा हंड्यात, दोरी राहू दे बाहेर. तुम्ही हसता आणि बांधत राहता. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर तुमच्या जुन्या धोतराचं पांढरं फडकं, सातवर लाल लोकरी तुकडा. मी विचारतो, कापडं वेगवेगळी कशाला, रंग दिसतोच की. तुम्ही माझे डोळे हाताने झाकता आणि फडकं माझ्या ओठांना लावता. सुती. मग दुसरं. लोकर. काळोखातही दोरी वाचता आली पाहिजे, एवढंच म्हणता.

तुम्ही पोर्ट खात्याच्या लाँचवर दोरी टाकणारे खलाशी होतात. तुम्ही ओरडून वाव सांगायचात आणि साहेब सावलीत बसून वहीत लिहायचा. खात्याने एकदा रद्द झालेला नकाशा टाकून द्यायला काढला तो तुम्ही मागून घेतलात, घरी आणून जमिनीवर पसरलात आणि कॅप्टनच्या नावावर बोट ठेवून म्हणालात की या माणसाच्या आकड्यावर मी डोळे मिटून लाँच नेईन. माझी पहिली शाळा तो नकाशा. आणि एकोणिसाव्या वर्षी त्याच नकाशापुढे मी तुम्हाला सुनावलं. वाचनालयात चार इंग्रजी पुस्तकं वाचून आलो होतो. शेजारचे दोघे चहाला बसले होते, त्यांच्यासमोर म्हणालो की हे नकाशे तोफा लावलेल्या जहाजांसाठी काढले, किनाऱ्यावरची गावं त्यांनी जाळली, मालकी बसवली, आणि तुम्ही जन्मभर त्या गोऱ्याची दोरी ओढताय. शेजारी चहाच्या कपात बघत राहिले. तुम्ही नकाशाची घडी घातलीत, अगदी पहिल्या घडीवर घडी.

“दोरी माझी होती, झिला,” तुम्ही म्हणालात. त्यानंतर तो नकाशा तुम्ही माझ्यासमोर कधी उघडला नाहीत.

आता इथलं ऐका. सगळे आकडे जुळत गेले, पण उत्तरेच्या बाजूला एका जागी कॅप्टन साफ चुकलेला दिसला. तिथे वाळूचा उंचवटा आहे, ओहोटीला उघडा पडतो, माणूस त्यावर चालू शकतो. नकाशावर तिथे तीनचा आकडा. तीन वाव म्हणजे अठरा फूट पाणी. मी दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं आणि अहवालात लिहिलं की या जागी तो गेलेलाच नसावा, आकडा जहाजावर बसून मनाने भरलेला दिसतो. खोटं कशाला बोलू, लिहिताना बरं वाटलं. एकोणीस वर्षांचा तो पोरगा बरोबर होता असं वाटलं.

गिऱ्हाईकाकडे एक म्हातारे कतरी सल्लागार आहेत. त्यांचे आजोबा मोती काढणाऱ्या गलबताचे नोखदा होते, म्हणजे आपल्याकडचे नाखवा. बाजारातल्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांकडून तरुणपणी शिकलेलं हिंदी ते माझ्याशी बोलतात. तो नकाशा भिंतीवर लावायलाच त्यांचा विरोध होता. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की समुद्रातून जहाज आलं, गावावर तोफा डागल्या, घरं पेटली, आणि काही वर्षांनी तेच लोक कागद-पेन्सिल घेऊन आले. माझा अहवाल वाचून त्यांनी मला मुद्दाम बोलावलं, खजूर पुढे केले, स्वतःच्या हाताने कॉफी ओतली आणि म्हणाले की चोर पकडलात. माझं ते वाक्य फलकावर मोठ्या अक्षरांत आलं पाहिजे, तरच नकाशा लावा, अशी त्यांची अट होती. आमच्या इंग्रज मॅनेजरचं तोंड उतरलं, पण आकड्यापुढे तो काय बोलणार. पुढचे दहा-बारा दिवस मी ऑफिसात जरा छाती काढूनच चालत होतो.

मग छपाईचे रंग जुळवायला मूळ छापील नकाशा आमच्याकडे आला, जाड पुठ्ठ्यात, पातळ कागद घालून. मी तो भिंग घेऊन बघत बसलो, नुसताच, हौस म्हणून. उत्तरेचा उंचवटा भिंगाखाली आला. तीन. आणि त्या तीनच्या खाली केसाएवढी एक रेघ. शेजारून कागदाची घडी गेलेली आहे, तिला जवळजवळ चिकटून. स्कॅन स्वच्छ करताना मी ती घडीबरोबर पुसून टाकली होती. मीच, माझ्या हाताने.

तुम्ही उकिडवे बसला आहात, तुमचं बोट नकाशावर आहे, नखात साबण. “आधी रेघ बघ. आकड्याखाली रेघ असली तर थंय पाणी नाय, जमीन आसा. ओहोटीक किती फूट वर येता ता लिवलाहा.” मी आठ वर्षांचा आहे आणि मला हे जादूसारखं वाटतंय, की एका रेघेने समुद्राची जमीन होते.

म्हणजे कॅप्टन तिथे गेला होता. ओहोटी होईपर्यंत थांबला होता, वाळू पाण्याबाहेर आलेली त्याने पाहिली होती, ती तीन फूट वर येते हे मोजलं होतं. मी भिंग खाली ठेवलं. इतक्या वर्षांपूर्वी, त्या उघड्या समुद्रात, ज्या वाळूला त्या वेळी जगातल्या कुठल्याच कागदावर जागा नव्हती, तिच्यासाठी एक माणूस पाणी उतरायची वाट बघत थांबला होता. आणि मी त्याला खोटारडा ठरवून खजूर खाऊन आलो होतो.

गप्प बसता आलं असतं. मूळ नकाशा परत गेला की त्या रेघेकडे कोण भिंग लावून बघणार होतं? म्हाताऱ्यांच्या पदरात एवढी एकच गोष्ट पडली होती, ती त्यांच्याकडून काढून घ्यायची आणि वर स्वतःची अब्रू घालवायची. दोन रात्री मी ते मनात घोळवलं. परवा, बुधवारी, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. चूक कॅप्टनची नाही, माझी आहे. रेघ दाखवली, अर्थ सांगितला. मॅनेजर खुर्चीत सरळ झाला. म्हाताऱ्यांनी भिंग मागितलं, रेघ पाहिली, आणि मग माझ्याकडे न बघता बोलले.

“सही नापा. इसीलिए तो उसके बाद किसी को हमसे रास्ता पूछना नहीं पड़ा.”

मी मानतो ते कॅप्टनच्या अचूकपणाला, आणि त्यांना लागलंय तेही नेमकं तेच. तो खोटा असता तर निदान त्यांच्या लोकांची गरज उरली असती. मग त्यांनी भिंग ठेवलं आणि म्हणाले की हा फश्त, हा वाळूचा उंचवटा, भरतीला कुणा परक्याला दिसायचा नाही. आमच्यातल्याच कुणीतरी हाताला धरून दाखवला असेल. त्याचं नाव तुमच्या कागदावर नाही. नकाशा लावा, पण फलकावर लिहा की वाट या किनाऱ्याच्या माणसांनी दाखवली. मॅनेजरने मान डोलावली, ओळ तिथेच लिहून घेतली, वाचून दाखवली. म्हातारे म्हणाले, खलास, ठरलं. उठायला लागले आणि मध्येच थांबून मला विचारलं, “और ये लकीर वाली बात? आपको किसने सिखाई?”

मॅनेजरचं पेन अजून त्या फलकाच्या कागदावर होतं. मी म्हणालो, “खुद सीखा.” मॅनेजर हसला, म्हणाला की हा आमचा बिनकॉलेजचा प्रोफेसर आहे. सगळे हसले. मीही हसलो.

फलक रविवारी छापायला जाईल. दोरी कोणी टाकली ते सांगणारी एक ओळ त्यात अजून मावते, मी जागा मोजून ठेवली आहे. त्या जहाजांवर आपल्या किनाऱ्यावरचे खलाशी असायचे, हे सांगायला मला पुस्तकही दाखवता येईल. पण ते मला कसं सुचलं, असं कुणी विचारलं तर तुमच्याबद्दल सांगावं लागेल. आणि बाबा, इथे आल्यापासून मी सगळ्यांना, माझ्या मुलीलासुद्धा, सांगत आलोय की माझे वडील पोर्ट खात्यात साहेब होते, सावलीत बसून वहीत लिहिणारे.