माझी प्रमाणिका चाल

३ मार्च, सकाळी ६.
संकल्प. २२ तारखेला आमच्या हॉस्पिटलात तरुण सर्जन मंडळींसाठी हिप रिसर्फेसिंगची कार्यशाळा. प्रात्यक्षिक मीच करणार. भाषणाची सुरुवात सुचली, टिपून ठेवतो : ‘नेहमी खुबा बदलताना मांडीच्या हाडाचं डोकं छाटून टाकतात. इथे डोकं राखायचं, नीट तासायचं आणि वर धातूची टोपी घालायची. किती सुसंस्कृत ऑपरेशन!’ वय एकाहत्तर. हात पंचविशीतले.

५ मार्च.
बायको म्हणते, लंगडताय. साफ चूक. डावं पाऊल ऱ्हस्व, उजवं दीर्घ. लघु-गुरु, लघु-गुरु. मास्तर बाकावर छडी आपटत शिकवायचे ते प्रमाणिका वृत्त! बेडरूम ते स्वयंपाकघर बरोबर दोन चरण. हे समजावलं. म्हणाली, मग कवितेला टेकायला काठी आणू का?
अरसिक.

८ मार्च.
आजपासून लिफ्ट बंद. जिनाच.

९ मार्च.
लिफ्टने गेलो. जिन्याला रंग देत होते. (शेजारच्या इमारतीच्या.)

११ मार्च.
हल्ली मोजे फार तोकडे काढतात. पायापर्यंत पोचतच नाहीत. बायकोने घातले. ‘मोजे स्वतः घालता येतात का?’ हा माझा खुब्याच्या प्रत्येक पेशंटला पहिला प्रश्न असतो, पण तो विषय वेगळा.

१४ मार्च.
सूनबाई विभागप्रमुख. शिकली माझ्याच हाताखाली. म्हणाली, बाबा, रंगीत तालीम म्हणून दोन तास उभे राहून दाखवा. चाळीस मिनिटं राहिलो. मग स्टूल घेतलं. थोर काव्यं बसूनच लिहिली गेली आहेत.
तिच्या समाधानासाठी एक्स-रे काढू दिला.

१६ मार्च, दुपार.
तिने घरी एक्स-रे खिडकीशी धरला. खुब्याच्या सांध्यातली फट नाहीशी, हाडावर हाड. फिल्म निकृष्ट, मी म्हणालो. तिने पाकिटातून दुसरी काढली. तीही निकृष्ट.
बरं, करू ऑपरेशन! पण रिसर्फेसिंगच. मला अजून धावायचंय. सून म्हणाली, बाबा, ते तरण्या, दणकट हाडांसाठी. तुम्हीच शिकवलंत ना? तुमचं डोकं आता राखण्याजोगं नाही. बायको चहा गाळता गाळता म्हणाली, मी लग्नापासून हेच सांगतेय.

१९ मार्च.
तह झाला. कार्यशाळेत मी असणारच! सून म्हणाली, पहिलं सत्र सगळं तुमच्यावरच आहे. विषय : ‘रिसर्फेसिंग कुणाचं करू नये’. पत्रिकेत माझं नाव नाही. विनय हा थोरांचा दागिना.

२३ मार्च, वॉर्ड.
पहिलं सत्र काल पार पडलं. सगळं खरोखरच माझ्यावर होतं. कमरेखाली बधिर, कान मात्र तल्लख. पडद्यापलीकडे सूनबाई झकास शिकवत होती : म्हातारं, ठिसूळ हाड, इथे टोपीचा मोह नको, पूर्ण खुबाच बदला. एका पोराने विचारलं, पेशंट काय करतात?
निवृत्त आहेत, ती म्हणाली.
हरकत घ्यायला मी हात वर केला. वीस वर्षं मला सर सर म्हणणाऱ्या भूलतज्ज्ञ बाईंनी तो हळूच खाली दाबला. म्हणाल्या, आजोबा, हलायचं नाही हं.
हललो नाही.