औषधाच्या डबीतल्या मुंग्या

धाकट्या,

“या गोळ्यांत आता काही दम राहिला नाही गं,” आई सकाळी उशीत तोंड खुपसून पुटपुटत होती. मला वाटलं, नेहमीची कुरकुर. पण तू दर रविवारी भरतोस ती औषधाची डबी उघडली, तर आत मुंग्यांची रांग! कडू औषधाला मुंग्या? एक कॅप्सूल उघडून जिभेवर टेकवली. पिठीसाखर.

शिडीवरून पडलास तेव्हा तुलाही दुखणं थांबवायला हेच औषध दिलं होतं. पाठ केव्हाच बरी झाली, तू मात्र त्यातून सुटला नाहीस. कॅन्सरनं आईची हाडं पोखरलीत रे, आणि तू निवांत बसून साखर भरत होतास? शिसारी आली मला. तुझं उष्टं ताट उचलवेना.

तिला डॉक्टरकडे नेतेय. जेवण झाकून ठेवलंय. शिव्या घालत रांधलंय, तरी खा. त्या गोळ्यांवर दारू घेऊ नकोस, झोपेतच श्वास थांबतो.

ताई

ता.क. चपला घालताना आई म्हणाली, “मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आज डॉक्टरला खरं सांग. माझ्या पोराला नशेचं व्यसन लागलंय.”