सिद्धेश्वराच्या नावाएवढा उशीर

सोलापूर,
१२ फेब्रुवारी १९७६

प्रिय चन्नवीर,

सकाळी सातचे ते दोन भोंगे. आधी स्टेशनकडच्या मिलचा, जाड, पोटातून निघणारा. त्याच्या पाठोपाठ तळ्याकडच्या मिलचा, जरा किनरा. आणि रस्त्याच्या मधोमध उभा तू, मान वाकडी करून मला सांगणारा, "वेण्या, उद्या शंभर पावलं फुडं उभं ऱ्हाऊ. दोन्ही एका दमात सुरू हुतील तितं ठिपका." आठ दिवस झाले, तेच कानात वाजतंय. अठ्ठेचाळीस वर्षांनी माझं अक्षर बघून तू कदाचित पत्र तसंच कोनाड्यात टाकशील. टाकू नकोस. बातमी अशी आहे की ती सांगायच्या घाईत मी पाच कागद फाडले आणि धोतरावर शाई सांडून घेतली.

आठवतं ना, मास्तरांनी लोकस शिकवताना फळ्यावर काहीच काढलं नव्हतं. म्हणाले, दोन्ही मिलचे भोंगे एकाच वेळी होतात. गावात जिथे जिथे ते एकदम ऐकू येतात त्या जागा शोधा. अट पाळणारे सगळे ठिपके जोडले की जी वाट तयार होते, तोच लोकस. हल्लीच्या पुस्तकांत त्याला बिंदुपथ म्हणतात. काय गोड शब्द आहे रे. आपल्या वेळी हा असता तर मी गणितात काठावर पास होत राहिलो नसतो.

पहिले चार दिवस आपण बरोबर हिंडलो. मग गावाची उत्तर बाजू माझी, दक्षिण बाजू तुझी, अशी वाटणी झाली. तू चुन्याची डबी खिशात घालून थंडीत निघायचास. एका जागेसाठी चार-चार दिवस जायचे. मी म्हटलं, एवढं कशाला, रेघ कुठून जाणार ते पुस्तकात आहेच की. तर तू म्हणालास, "आपण नुसतं ठिपकं मारायचं. रेघ कुटं जाती, ते तिचं तिला ठरवू दे." महिनाभरात तुझे सात ठिपके झाले. शाळेत आलास की तू जागा सांगायचास आणि मी ती वर्गातल्या कवितेच्या चालीवर बसवायचो. पिंपळाच्या पारावरी पहिला, कासाराच्या ओट्यावरी दुसरा, घाण्याच्या बैलापाशी तिसरा. माझं निम्मं आयुष्य नगरपालिकेच्या फायलींत गेलं, पण ही चाल गेली नाही. सहा ठिपके आजही झोपेतून उठवलं तरी म्हणेन. सातव्याची ओळ मात्र काही केल्या आठवत नाही.

मग तो दिवस. मास्तरांनी आपले दोघांचे ठिपके एका कागदावर मांडले. माझे सात पट्टीसारखे सरळ. तुझे सात खाली येता येता तळ्याकडच्या मिलकडे वळत गेलेले, भाकरीच्या कडेसारखे. दोन ठिकाणांपासून सारख्या अंतरावरच्या जागा सरळ रेघेतच येणार, हे तर शेंबडं पोरही सांगेल, असं म्हणून मास्तरांनी तुला विचारलं, सकाळी कान धुऊन निघाला होतास का? वर्ग हसला. तुझ्या गावी मंद्रूपला जाऊन बैलांच्या घंटा मोज, म्हणाले. तू एवढंच बोललास, "मास्तर, तितं तसंच ऐकू येतंय की." त्यांनी तुझी काळ्या पुठ्ठ्याची वही दाराबाहेर भिरकावली. तू ती उचललीस, धूळ झटकलीस आणि जो गेलास तो गेलास. गणितात आख्ख्या शाळेत तुझ्या जवळपास कोणी नव्हतं.

आता बातमी. आमच्या वरच्या खोलीत दाक्षायणी म्हणून मुलगी राहते, बी.एस्सी.ला आहे. आठ दिवसांपूर्वी आम्ही शेंगा फोडत बसलो होतो. भोंग्याचा विषय निघाला तशी ती म्हणाली, तळ्याकडच्या मिलचा भोंगा आमचे अज्जाच तर ओढायचे. रुद्रप्पा त्यांचं नाव. मी म्हटलं, वेळेचे पक्के असतील. ती हसायलाच लागली. "अज्जांना घड्याळ कुठं कळत होतं हो काका? ते स्टेशनकडच्या मिलवर नजर ठेवायचे. तिकडं भोंग्याची पांढरी वाफ उसळलेली दिसली की देवळाकडं तोंड करून हात जोडायचे, सिद्धेश्वराचं नाव घ्यायचे आणि मग साखळी ओढायचे. देवाच्या आधी भोंगा न्हाई, म्हणायचे. तीस वर्षांत एक दिवस चुकले नाहीत."

चन्नवीर, माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी तिला आपली सगळी गोष्ट सांगितली. तिने मला हात जोडून नाव घ्यायला लावलं आणि मनगटावरच्या घड्याळात बघितलं. दीड सेकंद. तेवढ्यात आवाज अडीच फर्लांग जातो, म्हणाली. म्हणजे एक भोंगा रोज नेमका दीड सेकंद उशिरा निघायचा. मग दोन्ही एकदम ऐकायचे तर माणसाने मधोमध उभं राहून चालणार नाही. उशिराच्या मिलला अडीच फर्लांग जास्त जवळ जावं लागणार. अशा सगळ्या जागा जोडल्या की सरळ रेघ होत नाही, वळणदार वाट होते. त्या वळणाला अपास्त म्हणतात. तिने ते माझ्याकडच्या गावाच्या जुन्या नकाशावर काढलं. मी एकेक ओळ म्हणत गेलो, ती टाचणी टोचत गेली. पार, ओटा, घाणा. सहाच्या सहा टाचण्या त्या वळणावर. सातवा कुठे, तिने विचारलं. मी चाल पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिली, सहाव्यावरच अडली. मग तिने तुझा पत्ता दोनदा विचारून लिहून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही.

तू बरोबर होतास. मास्तर चुकले, पुस्तकही इथे लागू नव्हतं. पण एवढंच सांगायला पाच कागद फाडावे लागत नाहीत. माझे सात ठिपके मी ऐकलेच नव्हते. चार दिवसांनंतर मी एकदाही गेलो नाही. पांघरुणात कविता घोळवत पडून राहायचो. आदल्या संध्याकाळी पट्टी ठेवून पेन्सिलीने सात ठिपके मारले. मास्तरांनी खोटं कोणाचं म्हणून विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बोट केलं. तुला ठाऊक होतं मी गेलो नव्हतो ते, तरी तू तोंड उघडलं नाहीस. त्याच सरळ रेघेबद्दल मला कवितांचं पुस्तक बक्षीस मिळालं. जन्मभर मिरवत आलोय ते. मंद्रूप इथून एसटीने तासाभरावर, आणि ते तासाभराचं अंतर मी एवढी वर्षं कमी होऊ दिलं नाही. हे कबूल करायला आज

थांब. खिडकीतून दिसतंय, कोपऱ्यावर एक उंच म्हातारा घरांचे नंबर वाचत उभा आहे. डोक्याला पटका, काखेत काळ्या पुठ्ठ्याची वही. दाक्षायणी जिन्यावरून धावत खाली चाललीय. त्याने मान वाकडी केली, काहीतरी ऐकल्यासारखी.

कडी वाजली. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही तर हा कागद तुझ्या हातात देईन. उठतो.

तुझाच,
वेण्या